भयपटांतील भय

भूत दिसलें कीं भय वाटतें, ही समजूत अपुरी आहे. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटांतील खरें भय हस्तराच्या रूपांत नसून, सुवर्णमुद्रांसाठीं पुनःपुन्हां विवरांत उतरणाऱ्या विनायकाच्या लोभांत आहे. प्रथम तो बेताचाच चालला. सन २०२४ मध्यें पुनः प्रदर्शित होतांच त्यानें पहिल्याहून अधिक गल्ला मिळविला. त्याच वर्षीं आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या'नें, सोडमुंजीपूर्वीं मेलेला मुलगा पिंपळावर राहतो या लोकसमजुतीस हास्याची जोड देऊन, शंभर कोटींचा पल्ला ओलांडला. छत्रपती संभाजीनगरच्या चित्रपटप्रेमी गृहस्थानें दोहोंसही दाद द्यावी. परंतु गल्ल्यावरून गुण ठरवूं नयेत. मुंज्याचें भय पिंपळाखालींच राहतें. लोभाचें भय प्रेक्षकाबरोबर घरीं येतें, कारण तिजोरी घरोघरीं असते.