साइड-व्हील लावलेली स्कूटर : पावसाळ्यानंतरची देखभाल आणि फेरबदल

बंगळूरच्या हिवाळ्याला हिवाळा म्हणावे की नाही, असा प्रश्न नाशिक-पुण्याकडून तिकडे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला पडतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर असूनही जानेवारीच्या पहाटे पारा सरासरी १५-१६ अंशांच्या खाली फारसा जात नाही. इंजिन गारठून सुरू होत नाही, अशी तक्रार तिथे क्वचितच ऐकू येते. मात्र या शहराला पाऊस दोनदा गाठतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येकडून येणारा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा झोडपतो. त्यानंतर डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने कोरडे जातात. वाहनाच्या दुरुस्तीसाठी हिवाळ्याचे महत्त्व इथे आहे. थंडीसाठी नव्हे, कोरडेपणासाठी.

युरोप-अमेरिकेत ट्राइक म्हणजे तीनचाकी मोटारसायकल ही बहुधा हौसेची वस्तू असते. बर्फ पडू लागला की ती गॅरेजमध्ये जाते आणि मालक चार महिने तिच्यावर हौस भागवतो. आपल्याकडे मोटारसायकल किंवा स्कूटर तीनचाकी करून घेणारा माणूस बहुतेक वेळा हौशी नसतो. पोलिओ, अपघात किंवा जन्मजात कारणाने ज्याचे पाय साथ देत नाहीत, त्याला कामावर जाण्यासाठी ती हवी असते. बंगळूरचा सर्जापूर रोड घ्या. इब्लूरच्या चौकापासून कैकोंद्रहळ्ळीचे तळे, दोड्डकन्नेळ्ळी, दोम्मसंद्र असे करत हा रस्ता सर्जापूर गावापर्यंत जातो. वाटेत मोठमोठी कार्यालये, निवासी संकुले आणि बाजार आहेत. गतिरोधक आणि खड्डेही आहेत. अशा रस्त्यावर रोज स्कूटर चालवणाऱ्या, पण सिग्नलला पाय टेकवू न शकणाऱ्या व्यक्तीची गाडी डोळ्यांसमोर ठेवून हा पाठ वाचावा.

नाव तीनचाकी, चाके चार

आपल्याकडे प्रचलित असलेल्या रचनेत स्कूटरचे मूळचे मागचे चाक जागेवरच राहते. इंजिनाची शक्ती त्यालाच मिळते. त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्यांची चौकट बसवून एकेक जादा चाक लावतात. म्हणजे पुढे एक आणि मागे एका रांगेत तीन अशी चार चाके होतात. गिअर नसलेल्या स्कूटरवर हे काम सोपे जाते. १९८० च्या दशकात पुण्याच्या कायनेटिक समूहाने जपानच्या होंडाबरोबर मिळून कायनेटिक होंडा आणली. गिअर नाही, क्लच नाही, बटण दाबले की सुरू. पायाने किक मारण्याची अट गेल्यावर किती लोकांसाठी रस्ता खुला झाला असेल, याचा विचार त्या काळच्या जाहिरातींत फारसा नसावा.

एका रांगेत तीन चाके आली की स्थितिकीतला एक जुना प्रश्न उभा राहतो. तीन पायांचे स्टूल कोणत्याही जमिनीवर डुगडुगत नाही आणि प्रत्येक पायावर किती भार येतो, हे समतोलाच्या समीकरणांतून काढता येते. चौथा पाय आला की ती समीकरणे अपुरी पडतात. मग भार कसा वाटला जाईल, हे आधारांच्या लवचीकपणावर ठरते. आपल्या स्कूटरमध्ये तो लवचीकपणा म्हणजे बाजूच्या चाकांचे शॉक-अप. त्यांच्या स्प्रिंगला किती ताण दिला आहे, यावर गाडीचा बराचसा स्वभाव ठरतो.

आकड्यांत पाहू. स्कूटर १०८ किलो, चौकट आणि बाजूची चाके २७ किलो, चालक ६५ किलो. एकूण २०० किलो. समजा, यातला ८० किलो भार पुढच्या चाकावर आणि १२० किलो मागच्या रांगेवर आहे. बाजूच्या चाकांच्या स्प्रिंग सैल असतील आणि प्रत्येकी १० किलोच उचलत असतील, तर मधल्या चाकावर १०० किलो राहतात. स्प्रिंग कडक करून प्रत्येकी ३५ किलो उचलायला लावले, तर मधल्या चाकावर उरतात फक्त ५०. बऱ्याच गाड्यांत बाजूच्या चाकांना ब्रेक नसतो. मागचा ब्रेक फक्त मधल्या चाकावर चालतो आणि चाकाची पकड त्यावरच्या भाराइतकीच. घर्षणांक ०.७ धरला, तर पहिल्या स्थितीत मागच्या ब्रेकने जास्तीत जास्त ७० किलो-बल मिळते, दुसऱ्या स्थितीत ३५. ताशी ३० किमी वेगाने जाणारी गाडी केवळ मागच्या ब्रेकवर पहिल्या स्थितीत सुमारे १० मीटरांत थांबेल, दुसऱ्या स्थितीत तिला २० मीटर लागतील. ब्रेक लावताना भार पुढे सरकतो, तो इथे धरलेला नाही. पुढचा ब्रेकही सोडून दिला आहे. पण दुपटीचा फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

म्हणून “साइड-व्हील टाइट करून द्या, गाडी हलता कामा नये” ही ग्राहकाची नेहमीची मागणी मिस्त्रीने निमूट मान्य करू नये, असे मला वाटते. गाडी हलत नाही म्हणून बरे वाटते, आणि थांबत नाही हे पहिल्यांदा कळते ते समोर बस आल्यावर. फार कडक स्प्रिंगचा आणखी एक त्रास म्हणजे गतिरोधकावर किंवा खड्ड्याच्या काठावर बाजूची दोन चाके गाडी तोलून धरतात आणि मधले चाक हवेत फिरत राहते. पाय टेकून ढकलता येत नसेल, तर माणूस भर रस्त्यात तिथेच अडकतो.

बाजूच्या चाकावर किती भार आहे, हे घरातल्या वजनकाट्यावर मोजता येते. काट्याच्या उंचीइतक्या जाड फळ्या बाकीच्या सगळ्या चाकांखाली ठेवायच्या, चालकाला नेहमीसारखे बसवायचे आणि एकेका बाजूचा आकडा वाचायचा. डावा-उजवा आकडा जवळपास सारखा हवा. हा दहा मिनिटांचा प्रयोग सहसा कोणी करत नाही.

वळणावर काय होते

दुचाकी वळताना आत झुकते. साइड-व्हील लागल्यावर ती झुकू शकत नाही, उलट बाहेरची स्प्रिंग दबून किंचित बाहेर कलते. हँडल वळवण्याची सवयही बदलावी लागते. दुचाकीवर हात बसलेला चालक पहिल्या आठवड्यात गडबडतो तो यामुळे.

पुढे एक आणि मागे रुंद अशा गाडीचा आधार त्रिकोणी असतो. गुरुत्वमध्य जितका मागे, तितकी त्या त्रिकोणाची रुंदी जास्त मिळते. गाडी उलटण्याच्या सीमेवर आडवे त्वरण आणि गुरुत्वत्वरण यांचे गुणोत्तर असे काढता येते : मागच्या बाहेरच्या चाकांमधले निम्मे अंतर, गुणिले पुढच्या चाकापासून गुरुत्वमध्याचे अंतर भागिले पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, आणि या सगळ्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. मागची रुंदी ०.९ मीटर, पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर १.२५ मीटर, गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून ०.७५ मीटरवर आणि जमिनीपासून ०.६ मीटर उंच, असे धरले तर उत्तर येते ०.४५. म्हणजे १० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २४ किमी ही उलटण्याची सीमा. स्प्रिंग दबतात, त्यामुळे खरी सीमा याहूनही खाली असते.

आता त्याच वळणावर मध्येच ब्रेक दाबला आणि गाडी गुरुत्वत्वरणाच्या ०.३ पट दराने मंदावू लागली, असे समजा. भार पुढे सरकतो, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे जातो. गुणोत्तर ०.३४ होते आणि सीमा ताशी २१ किमीपर्यंत उतरते. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नव्हे, हा नियम सगळ्याच वाहनांना लागू आहे. पण पुढे एक चाक असलेल्या वाहनात तो मोडण्याची किंमत जास्त आहे. अमेरिकेत ओबडधोबड जमिनीवर चालवायच्या तीनचाकी गाड्यांचे इतके अपघात झाले, की १९८८ मध्ये सरकारशी झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार उत्पादकांनी त्या विकणे थांबवले. तिथे त्यांची जागा चार चाकांच्या गाड्यांनी घेतली.

“मग रुंदी वाढवू या” हा पुढचा विचार साहजिक आहे. रुंदी ०.९ वरून १ मीटर केली, तर सीमा २४ वरून २५ च्या थोडी वर जाते, कारण वेग गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. ताशी सव्वा किलोमीटरसाठी चौकटीच्या आडव्या दांड्यावरचा वाकवणारा ताण वाढतो, आणि गर्दीत मोटारींच्या मधून निघताना दहा सेंटिमीटर जास्त जागा लागते ती वेगळीच. माझ्या मते हा सौदा परवडत नाही. बसण्याची उंची न वाढवणे आणि वेग आवरणे हे स्वस्तातले उपाय आहेत.

पाऊस काय करून जातो

सप्टेंबर २०२२ मध्ये सर्जापूर रोड आणि बेळ्ळंदूरच्या परिसरात पाणी तुंबले, तेव्हाची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. इतके टोक दर वर्षी गाठले जात नाही, पण चाकाचा मधला भाग बुडेल एवढे पाणी लागले, तरी त्याची खूण मागे राहते. बाजूच्या चाकाची बेअरिंग उघडल्यावर ग्रीस दुधाळ दिसले, तर पाणी आत शिरले आहे. ते पुसून वर नवे ग्रीस थापू नये. बेअरिंग धुऊन, वाळवून, हाताने फिरवून पाहावे. खरखर लागली तर बदलावे.

चौकटीच्या नळ्या हा खरा नाजूक भाग. स्कूटर कारखान्यातून रंगून येते, चौकट मात्र बहुधा लहान वर्कशॉपमध्ये जोडलेली असते. नळीच्या आतून रंग नसतो. जोडाच्या फटीतून पाणी आत जाते आणि सर्वांत खालच्या कोपऱ्यात साचते. बाहेरून चकचकीत दिसणारी नळी आतून पोखरली जाते. पान्याच्या दांड्याने नळीवर ठोकत जावे. खणखणीत आवाज एखाद्या ठिकाणी बद्द झाला, तर तिथे संशय धरावा. वेल्डच्या कडेला रंगातून उमटलेली तांबूस बारीक रेघ ही बहुधा भेगेची पहिली खबर असते. नळीच्या खालच्या टोकाला पाणी निघून जाण्यासाठी लहानसे छिद्र ठेवले, तर पुढच्या पावसाळ्यात हा त्रास बराच कमी होतो.

मग गाडी उचलून बाजूचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलवून पाहावे. खडखड झाली, तर बुश झिजले आहेत. बुश झिजले की चाकांची दिशाही बिघडते. दोन्ही बाजूंच्या चाकांमधले अंतर पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला मोजावे. ६ मिलिमीटरांचा फरक निघाला तर? दहा इंची रिमच्या चाकाचा बाहेरचा व्यास सुमारे ४३० मिमी असतो, म्हणजे प्रत्येक चाक ३ मिमी तिरके आहे. प्रत्येक किलोमीटरमागे ते चाक सुमारे ७ मीटर आडवे घासत जाते. टायर एका कडेने का झिजला, याचे कोडे इथे सुटते. दुकानदार बहुतेकदा दोष टायरलाच देतो.

हवेचा दाबही तपासावा. एप्रिलच्या दुपारी ३४ अंशांत २९ पीएसआय भरलेला टायर जानेवारीच्या पहाटे १६ अंशांत, अजिबात गळती नसताना, अडीच पीएसआयने उतरलेला असतो. बाजूच्या दोन चाकांत फरक पडला, तर गाडी एका अंगाला ओढते. ब्रेकच्या ड्रममध्ये साचलेला चिखल आणि गंजलेल्या ब्रेक-केबल यांचे काम नेहमीच्या स्कूटरसारखेच असते, त्यात वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

वेल्डिंग आणि रंगकाम कोरड्या महिन्यांत करावे, कारण ओलसर इलेक्ट्रोडमुळे जोडात हायड्रोजन शिरतो आणि बारीक पोकळ्या राहतात. बंगळूरला हिवाळ्यात सकाळी दव पडते. लोखंड उन्हात तापल्यावर, दहा-अकरानंतर रंग लावला तर तो धरतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात. विजेच्या स्कूटरला उत्पादकाच्या सूचनेशिवाय वेल्डिंगचा हात लावूच नये.

सोयीसाठीचे फेरबदल

सगळ्यांत उपयोगी बदल दिसायला सर्वांत क्षुल्लक असतात. ब्रेकचा दांडा दाबून अडकवून ठेवणारी कडी त्यांपैकी एक. कुबड्यांवर उतरणाऱ्या माणसाच्या हाताखालून गाडी सरकली, तर तो पडतो. कुबड्यांचे होल्डर चाकांच्या रुंदीच्या आत आणि खाली असावे. मागे जाणे ही मोठी अडचण आहे, कारण पायाने रेटता येत नाही. काही विजेच्या स्कूटरना मागे जाण्याची सोय असते, म्हणून नवी गाडी घेताना हे आधी पाहावे. ज्यांना चाकाच्या खुर्चीवरून उतरून गाडीवर बसणेच शक्य नसते, त्यांच्यासाठी मद्रास आयआयटीत घडलेल्या संशोधनातून २०२१ मध्ये ‘निओबोल्ट’ आले. खुर्चीलाच पुढे मोटर असलेले चाक जोडले जाते आणि तिचे ताशी २५ किमीपर्यंत धावणारे तीनचाकी वाहन होते.

कागदपत्रे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपात मालकाला मनमानी बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या सुधारणा अधिनियमाने दिव्यांग व्यक्तीसाठी बदललेल्या वाहनाला ‘अनुकूलित वाहन’ अशी व्याख्या दिली, आणि असा बदल करून नंतर नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घेण्याची तरतूद केली. नियमबाह्य बदलाला त्याच कायद्याच्या कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. चालकाच्या परवान्यातही अनुकूलित वाहनाचा वर्ग स्वतंत्र आहे. नोंदणी पुस्तकात बदलाची नोंद नसेल, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते, म्हणून विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

काम झाल्यावर गाडी थेट रहदारीत न्यावी असे नाही. मोकळ्या मैदानात खडूने १० मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखून त्यावर ताशी १० किमीपासून सुरुवात करावी, डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही. मग सरळ जाताना २० च्या वेगावरून ब्रेक लावून थांबण्याचे अंतर पावलांनी मोजून लिहून ठेवावे. पन्नास-एक किलोमीटर चालल्यावर चौकटीचे सगळे नट-बोल्ट पुन्हा आवळावेत. नवा रंग चढलेल्या जागी ते हमखास सैल झालेले असतात.