शेवटचे ऐंशी मीटर

१९९१ च्या मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमारास डांबराचं शेवटचं पिंप रिकामं झालं आणि रस्ता अजून ऐंशी मीटर बाकी होता.

मी तेव्हा सातारा जिल्ह्यात कनिष्ठ अभियंता होते. नोकरीला दोन वर्षं झाली होती. फाट्यापासून गावाच्या शाळेपर्यंत एक किलोमीटरचा रस्ता. जुन्या, झिजलेल्या डांबरावर वीस मिलिमीटरचं नवं कार्पेट टाकायचं होतं. अंदाजपत्रक मी स्वतः केलं होतं, तीनदा तपासलं होतं. गुणाकार बरोबर होते. पिंपं माझ्यासमोर मोजून उतरवली होती, त्यामुळे चोरीचाही प्रश्न नव्हता. तरी काम शाळेच्या ऐंशी मीटर अलीकडे थांबलं. वाढीव मंजुरी येईपर्यंत पाऊस लागला आणि ओल्या जमिनीवर डांबर टाकता येत नाही. त्या पावसाळ्यात मुलं नव्या रस्त्यावरून चालत यायची आणि शेवटच्या तुकड्यापाशी चपला हातात घ्यायची. ते मला आजही दिसतं.

पुढे तीस वर्षं मी रस्ते केले. रस्त्याचं अंदाजपत्रक म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं की मी याच रस्त्याचं गणित मांडते.

सुरुवात क्षेत्रफळापासून. लांबी १००० मीटर, रुंदी ३.७५ मीटर. एकेरी रस्त्याची ही ठरलेली रुंदी. क्षेत्रफळ झालं ३७५० चौरस मीटर. वीस मिलिमीटरच्या कार्पेटला दर दहा चौरस मीटरला ०.२७ घनमीटर बारीक खडी लागते : ०.१८ घनमीटर १३.२ मिलिमीटरची आणि ०.०९ घनमीटर ११.२ मिलिमीटरची. तिला बांधून ठेवायला १४.६ किलो डांबर. वर सीलकोट, म्हणजे पाणी आत झिरपू नये म्हणून डांबर लावलेल्या बारीक कचेचा थर; त्याला ०.०६ घनमीटर कच आणि ६.८ किलो डांबर. सगळ्याला ३७५ ने गुणा. खडी आणि कच मिळून सुमारे १२४ घनमीटर, डांबर ८०२५ किलो. शिवाय जुना थर आणि नवा थर एकमेकांना चिकटावेत म्हणून टॅक कोट. चौरस मीटरला पाव किलो धरला तर ९४० किलोच्या आसपास इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवलेलं डांबर.

माझं अंदाजपत्रक याच पद्धतीने केलेलं होतं. मग माल कमी कसा पडला?

उत्तर आमच्या मुकादमांनी दिलं. सगळे त्यांना तात्या म्हणत. शाळा जेमतेम चौथी, पण रस्त्यावर उभं आयुष्य गेलेलं. ते म्हणाले, “बाईसाहेब, तुम्ही टेप धरला, दोरी न्हाई धरली.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्या उरलेल्या तुकड्यावर नेलं. गाडीच्या चाकोरीत, रस्त्याच्या लांबीच्या दिशेने दोरी ताणली आणि माझ्या हातात पट्टी दिली. दोरी आणि रस्ता यांतलं अंतर एका ठिकाणी तीन मिलिमीटर, पुढे अकरा, मग काहीच नाही, मग आठ. नुसत्या डोळ्यांना सपाट दिसणारा रस्ता चाकोरीत बसलेला होता. नवं कार्पेट आधी ते सखल भाग भरतं आणि मगच वर येतं.

घरी येऊन मी हिशेब केला. ९२० मीटरांत संपलेला माल १००० मीटरांचा होता. म्हणजे वीसऐवजी सरासरी पावणेबावीस मिलिमीटरचा थर बसला होता. एका नाण्याच्या जाडीएवढ्या पावणेदोन मिलिमीटरांनी माझे शेवटचे ऐंशी मीटर खाल्ले होते. तेव्हापासून सखल भाग आणि खड्डे भरण्याची बाब मी अंदाजपत्रकात वेगळी लिहू लागले, तीही जागेवर दोरी धरून मोजल्याशिवाय नाही.

परिमाणं ठरली की पैशांची पाळी. सरकारी कामात प्रत्येक बाबीचा दर दरसूचीत असतो, पण तो जसाच्या तसा उचलून चालत नाही. खाण किंवा क्रशर किती किलोमीटरवर आहे, याला आम्ही ‘लीड’ म्हणतो. खडी स्वस्त असते, वाहतूक महाग. कोकणातल्या घाटात आणि सोलापूरच्या माळावर एकाच खडीचा दर वेगळा निघतो, तो यामुळे. खडी बाजारात ब्रासने मिळते. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. आपले १२४ घनमीटर म्हणजे सुमारे ४४ ब्रास. गौण खनिजाचं स्वामित्वधन २०२१ मध्ये ब्रासला ६०० रुपये झालं. त्या दराने एवढ्या मालाचं तेच साधारण २६,००० रुपये होतं.

खरा पैसा मात्र डांबरात असतो. आज आपण ज्याला डांबर म्हणतो ते बिटुमेन. कच्चं तेल शुद्ध करताना तळाशी उरणारा हा पदार्थ. त्यामुळे तेलाबरोबर त्याचा भाव हलतो आणि तेल कंपन्या तो महिन्यातून दोनदा बदलतात. हिशेबापुरता ५०,००० रुपये टन धरला तर आठ टनांचे चार लाख झाले, वर १८ टक्के जीएसटी. वजनाने डांबर खडीच्या वीस-पंचवीस भागांत एक भाग, तरी किमतीत खडीला मागे टाकतं. मग मजुरी, मिक्सर, रोलर, इंधन, ठेकेदाराचा दहा टक्के नफा, चाचण्यांचा खर्च. यातलं काहीही विसरलं तर ते कुठून तरी भरून काढलं जातं आणि बहुतेक वेळा ते थराच्या जाडीतून निघतं.

आता मोठ्या रस्त्यांवर हॉट मिक्स प्लांटचा माल येतो आणि हिशेब टनांत चालतो. सात मीटर रुंदीचा दुपदरी रस्ता, एक किलोमीटर लांबी, ५० मिलिमीटरचा खालचा डांबरी थर घ्या. ३५० घनमीटर झाले. दबलेल्या मालाची घनता प्रयोगशाळा ठरवते, घनमीटरला २.३ टन धरली तर ८०५ टन. सोळा टनांचा डंपर असेल तर पन्नास खेपा. डांबर साडेचार टक्के, म्हणजे छत्तीस टन.

या आकड्यांशी थोडं खेळून पाहा. थर ५० ऐवजी ४५ मिलिमीटरचा बसला तर ८० टन माल वाचतो, म्हणजे पाच खेपा. डांबर साडेचारऐवजी चार टक्के घातलं तर चार टन वाचतात, दोन लाख रुपये. असा रस्ता उद्घाटनाच्या दिवशी तितकाच काळा आणि तितकाच गुळगुळीत दिसतो. फरक कळतो दुसऱ्या पावसाळ्यात. म्हणून रस्त्यातून कोअर, म्हणजे गोल तुकडा, कापून जाडी मोजायची असते आणि प्रत्येक डंपरमध्ये थर्मामीटर घालायचा असतो. व्ही.जी. ३० प्रतीच्या डांबराचा माल १४० अंशांच्या खाली पसरू नये आणि तो ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलरचं काम संपलेलं असावं. थंड झालेला माल दबत नाही. कागदावरचे ५० मिलिमीटर हे दबलेले ५० मिलिमीटर असतात. सैल माल त्याहून बराच जाड पसरावा लागतो, हे नवखे अभियंते विसरतात.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. मंजूर रक्कम कमी पडली की अंदाजपत्रकातून सगळ्यात आधी कात्री लागते ती गटाराला, साइडपट्टीला आणि मोरीला. डांबर राहतं, कारण लोकांना ते दिसतं. पण आपल्याकडे रस्ता मरतो तो बहुधा पाण्याने. कडेला साचलेलं पाणी खालच्या थरात शिरतं, मुरूम मऊ होतो आणि वरचं डांबर पापडासारखं तुटतं. गटाराविना एक किलोमीटर डांबर करण्यापेक्षा गटारासह पाऊण किलोमीटर करावं, असं माझं मत आहे. वरिष्ठांना मी ते अनेकदा लेखी कळवलं. काही वेळा ते मान्यही झालं.

तुमच्या गावात रस्ता होत असेल तर हे गणित तुम्हालाही करता येईल. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर माहिती फलक असतो. कोणत्या थरात किती माल लागणार, ते त्यावर मराठीत लिहिलेलं असतं. इतर रस्त्यांचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार करा, डंपरच्या खेपा मोजा, गटाराची बाब आहे का ते वाचा. भांडायला जाऊ नका, मोजायला जा. समोरचा माणूस मोजतो आहे हे दिसलं की काम सुधारतं, हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलं आहे.

शाळेपुढचे ते ऐंशी मीटर त्याच वर्षी डिसेंबरात पूर्ण झाले. त्या वेळी दोरीचं एक टोक तात्यांनी धरलं होतं, दुसरं मी. तुम्ही रस्त्यावर जाल तेव्हा टेपबरोबर दोरीही न्या.