कसर लागण्यापूर्वी

व्यापाऱ्याच्या वहीतील कसर म्हणजे तूट, आणि कपाटातील कसर म्हणजे लोकरी-रेशमी वस्त्रे कुरतडणारा बारीक कीटक. दोन्ही नजरेआड वाढतात आणि लक्षात येतात तेव्हा बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. जैन कुटुंबात मात्र कपाटातील कसरीबरोबर आणखी एक प्रश्न उभा राहतो. वस्त्र वाचवावे तर जीव जातो आणि जीव वाचवावा तर वस्त्र जाते. ही अडचण खरी आहे. पण ती बहुधा उशिरा जाग आल्यामुळे निर्माण होते.

या कीटकाची जीवनरीत जाणून घेतली की उपाय आपोआप सुचतो. वस्त्र खातो तो पतंग नव्हे, त्याची अळी. फिकट सोनेरी रंगाचा, जेमतेम पाव इंचाचा प्रौढ पतंग काहीच खात नाही. काही आठवडे जगून तो अंडी घालतो. एक मादी साधारणपणे 40 ते 50 अंडी घालते. उष्ण हवेत ती आठ-दहा दिवसांत फुटतात. अळीची अवस्था मात्र अन्न आणि हवामान यांनुसार दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालते. या पतंगाला उजेड नकोसा असतो. त्यामुळे दिव्याभोवती घिरट्या घालणारे पाखरू बहुधा कसरीचे नसते. घडीतून निघून अंधाराकडे धावणारे पाखरू दिसले, तर सावध व्हावे.

लोकर, पिसे, केस आणि रेशीम हे अळीचे अन्न होय. स्वच्छ सुती कापड तिला नको असते. पण घाम, तेल किंवा अन्नाचा डाग पडलेले कापड तिच्या तडाख्यातून सुटेलच असे नाही. म्हणून घरातील कोणत्या वस्तू धोक्यात आहेत, याची यादी करून ठेवावी. शाली, स्वेटर, गालिचे आणि रेशमी साड्या तर त्यात आल्याच. पण सामायिकाचे लोकरीचे आसन आणि चरवळा यांचाही समावेश करावा. पिच्छी-परिवर्तनाच्या वेळी मुनिराजांकडून लाभलेली जुनी मोरपिच्छी एखाद्या घरी श्रद्धेने जपलेली असते, तीही याच यादीतील. जीवरक्षणाची ही उपकरणे पेटीत विसरली गेली, तर त्यांतच जीवोत्पत्ती होते.

डांबरगोळीविषयी मोठा गैरसमज आहे. ती कीटकांना केवळ दूर ठेवते, म्हणून अहिंसक आहे, असे अनेकांना वाटते. वास्तविक बंद पेटीत तिची वाफ पुरेशी साठली की अळ्या आणि अंडी मरतात; उघड्या कपाटात ती वाफ विरून जाते व उपयोगही फारसा होत नाही. शिवाय ती माणसालाही बाधते. जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात उणीव असलेल्या अर्भकाच्या रक्तातील तांबड्या पेशी तिच्या संपर्काने फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाची दुपटी, झबली व टोपडी डांबरगोळ्यांत ठेवू नयेत, हे प्रत्येक घरात माहीत असावे. कडुनिंबाचा पाला, वेखंड, लवंगा हे जुने उपाय निरुपद्रवी आहेत, पण त्यांचा वास उडून जातो आणि आधीच शिरलेली अळी त्याने हटत नाही. केवळ त्यांच्या भरवशावर पेटी वर्षभर बंद ठेवणे योग्य नव्हे.

खरा उपाय जैन आचारात पूर्वीपासून आहे. श्वेतांबर साधु-साध्वी दररोज दोन वेळा आपल्या वस्त्रांचे प्रतिलेखन करतात; प्रत्येक वस्त्र उलगडून, सर्व बाजूंनी पाहून, हळुवारपणे ठेवतात. ज्या वस्त्राला रोज उजेड आणि हालचाल मिळते, त्यात कसर सहसा वस्ती करीत नाही. गृहस्थाला रोज नाही, तरी महिन्यातून एकदा हे जमण्यासारखे आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात लोकरी वस्त्रे धुऊन, पूर्ण वाळवून, हवाबंद डब्यात किंवा घट्ट शिवलेल्या सुती पिशवीत ठेवावीत. रेशीम कडक उन्हात न घालता सावलीत, वाऱ्यावर पसरावे. एकदा नेसलेली साडी किंवा पांघरलेली शाल तशीच पेटीत टाकू नये. ही कामे पावसाळ्यापूर्वी उरकली, तर चातुर्मासात, जीवोत्पत्ती वाढलेली असताना, पेटी निर्धास्तपणे बंद राहते. झरोक्यातील पाखरांच्या घरट्यांतही कसर वाढते; मात्र पिल्ले उडून गेल्यावरच ती जागा साफ करावी.

एवढे करूनही कसर लागलीच, तर घाईने फवारा मारू नये आणि वस्त्र लगेच गरम पाण्यातही बुडवू नये. प्रथम ते घराबाहेर न्यावे. सावलीत, पण भरपूर उजेडात पसरावे. घड्या, शिवणी व काठ मऊ ब्रशने हळूहळू झाडावेत. अशा झाडण्याने बरीचशी अंडी सुटून पडतात. अळ्या अलगद एखाद्या टाकाऊ लोकरी तुकड्यावर घेऊन घरापासून दूर, कोरड्या आडोशाला ठेवाव्यात. दोन-तीन दिवसांच्या अंतराने हेच पुन्हा करावे, मगच वस्त्र धुवावे. एखादे अंडे नजरेतून सुटणार, हे मान्य करावे लागते. गृहस्थाची अहिंसा पूर्ण नसते. यतनेने ती शक्य तितकी सांभाळायची असते.

कापडाच्या दुकानालाही हाच नियम लागू आहे. मागच्या फळीवर तीन-चार हंगाम पडून राहिलेल्या शालींचा गठ्ठा आधी उघडावा, जुना माल आधी विकावा आणि उरलेला वर्षातून किमान दोनदा उलगडून पाहावा. वही दिवाळीला तपासली जातेच. त्याच आठवड्यात फळ्याही तपासल्या, तर दोन्ही कसरी वेळेवर सापडतील.