दोर दुसऱ्याच्या हातात

पावसाळ्यात लोणावळ्याला तुम्ही गेलाच असाल. भुशी डॅमच्या पायऱ्या, गरम भजी, मक्याचं कणीस आणि अर्थातच रील्स! पण तिथे पाय घसरला, तर शोधायला कोण येतं माहितीये?

याचं उत्तर एका नावात मावत नाही. ३० जून २०२४ ला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा वाहून जाऊन मृत्यू झाला. तेव्हा शोधासाठी लोणावळा पोलिसांबरोबर 'शिवदुर्ग मित्र'चे स्वयंसेवक आणि 'आयएनएस शिवाजी'चे पाणबुडेही उतरले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चौघांचा जीव गेला. तिथेही मावळातल्याच सुदुंबऱ्यात तळ असलेलं 'एनडीआरएफ' आणि स्थानिक बचाव संस्था सोबत होत्या.

आता बघा, एकीकडे गणवेश, हुद्दा आणि वरून येणारे आदेश. दुसरीकडे हातातलं काम टाकून धावत आलेली पोरं. एकाकडे बोटी नि यंत्रं, तर दुसऱ्याकडे घाटातल्या वाटांची आणि पाण्याची खडान्‌खडा माहिती. दोघांनाही एकमेकांवाचून चालत नाही. पण दरीत उतरताना वरचा दोर दुसऱ्या संस्थेच्या माणसाच्या हातात असेल, तर नुसता सह्या केलेला करार कामाचा नाही. भरवसाच लागतो.

आणि तो दुर्घटनेच्या दिवशी अचानक तयार होत नाही. आमच्या कॉलेजात दोन क्लबनी मिळून कार्यक्रम ठेवला होता. साउंडचं समोरचे बघतील, असं दोन्हीकडे वाटलं. साउंड आलाच नाही! आमचं फक्त हसं झालं. नदीकाठी असं झालं तर?

म्हणून छोट्या गोष्टी मोठ्या ठरतात. रात्री-अपरात्री फोन उचलणं. 'येतो' म्हटलं की येणं. जमणार नसेल, तर तसं स्पष्ट सांगणं. घेतलेलं सामान मोजून परत करणं. फोटोत फक्त आपलाच बॅनर पुढे न करणं. आणि ऊन असतानाच एकत्र सराव करून कोण काय करणार, हे ठरवून ठेवणं.

तुमच्या क्लबलाही हे लागू आहे, बरं का! आणि या पावसाळ्यात धोक्याची पाटी दिसली, की अलीकडेच थांबा. तुमच्या एका रीलसाठी कुणाला तरी दोर बांधून खाली उतरावं लागतं.