मूठभर म्हणजे किती

पहाटे साडेपाच

काट्याचे सेल संपलेत हे आज कळायचं होतं. टीव्हीच्या रिमोटमधले दोन काढून घातले, तेव्हा कुठे त्याच्या काचेवर शून्य उमटलं. एक-एक ग्रॅम दाखवणारा हा काटा मी परभणीच्या बाजारातून आणला तेव्हा दुकानदाराने विचारलं होतं, "सोनं मोजायचंय का?" मीठ मोजायचंय म्हटल्यावर त्याने पैसे परत देताना माझ्याकडे दोनदा पाहिलं.

पिशवीत काटा, दोनशेपानी वही, दोन पेनं, सपाट चमच्यांचा संच आणि नवऱ्याचा जुना मोबाइल, कारण फोटो त्याच्यात बरे येतात. डबा घेतला नाही. दिवसभर रांधलेलंच समोर असणार.

साडेसात

गंगाखेडची एसटी. खिडकीबाहेर रब्बीची ज्वारी कमरेला लागलेली, हुरड्याला अजून तीन-चार आठवडे तरी आहेत. मधल्या पट्ट्यांत हरभरा. बायका शेंडे खुडताना दिसल्या. शेंडा खुडला की झाड फुटतं आणि भाजीही मिळते, म्हणजे एकाच कामाचे दोन पगार.

आमच्या पुस्तकाची हकीकत थोडक्यात सांगते. पोखर्णी फाट्याच्या पुढच्या एका गावातल्या बचत गटाने ठरवलं की गावातल्या पाककृतींचं एक पुस्तक काढायचं. निमित्त घडलं एका पुस्तिकेचं. कुठल्याशा शिबिरात 'पौष्टिक आहार' म्हणून ती वाटली होती, आणि तिच्यात ओट्स, ब्रोकोली आणि ऑलिव्हचं तेल होतं. गटाच्या अध्यक्षबाईंनी ती मला दाखवली आणि म्हणाल्या, "बाई, यातलं एक तरी आपल्या शिवारात उगवतंय का?" मी शाळेत मराठी शिकवायचे, निवृत्त झाले. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं आणि मोजण्याचं मी ओढवून घेतलं.

ही काही नवी कल्पना नव्हे. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने १९४३ साली 'रसचंद्रिका' काढली, तीही बायकांनी एकत्र बसून सांगितलेल्या घरच्या पदार्थांचीच. पण तिथल्या स्वयंपाकघरात नारळ होता. आमच्याकडे कारळ, जवस आणि करडई.

साडेनऊ

गावात पाऊल टाकलं आणि डोक्यावर हात मारला. आज मार्गशीर्षातला गुरुवार. बारापैकी नऊ जणींचा उपवास. रांधायला सगळ्या तयार, चव बघायला जवळजवळ कुणी नाही.

"आता चाखणार कोण?"

"आजी हायती की," अध्यक्षबाई म्हणाल्या. आजींना साखरेच्या गोळ्या चालू, त्यांना डॉक्टरांनी उपवास बंद केलाय. दुसऱ्या शेजारच्या भाभी, त्यांचा मार्गशीर्षाशी संबंध नाही. तिसरी मी. तीन जिभा मिळाल्या.

ओसरीवर गॅस मांडला, अंगणात चूल. आज चार पदार्थ: हरभऱ्याची भाजी, कारळाची चटणी, भाभींची अंबाड्याची दाळ आणि भाकरी.

दहा ते साडेबारा

सगळा दिवस खरं तर याच अडीच तासांत गेला.

पहिला वाद भाजी धुवायची की नाही यावर. आजींचं म्हणणं, हरभऱ्याची भाजी धुतली की आंब निघून जाते, मग ती भाजी कसली, पालाच. बोलणं खोटं नाही. हरभऱ्याच्या पानांवर आम्ल असतं, सकाळी दवात शेतातून गेलं तर लुगड्याला त्याचे डाग पडतात. पण आता घाटेअळीसाठी फवारणी होते. पुस्तक वाचून कुणी बाजारातली जुडी आणून तशीच चिरली तर? मी म्हटलं, "धुवा असंच लिहायचं." आजी म्हणाल्या, "फवारलेल्या रानातली मी खुडतच न्हाई. तसं लिवा." शेवटी दोन्ही लिहिलं. बाजारची असेल तर दोन पाण्यांतून काढा, घरची बिनफवारणीची असेल तर झटका. संपादक म्हणून मला ते गुळमुळीत वाटलं, पण गावात दोन्ही तऱ्हा आहेत हेही खरं.

मग भाजी शिजली, घोटली, पीठ लावलं, लसूण-मिरचीची फोडणी बसली आणि मिठाची वेळ आली. आजींनी डब्यात हात घातला.

"थांबा! आधी या ताटलीत टाका."

"काय वं बाई, हे काय सोनं मोजायलाव का?" दुकानदार आणि आजी एकाच शाळेतले दिसले.

काट्यावर एकवीस ग्रॅम आले. मीठ परत डब्यात टाकलं आणि आजींना पुन्हा घ्यायला सांगितलं. बावीस. तिसऱ्यांदा एकवीस. मी माझ्या संचातला चमचा उचलला आणि तीनदा भरला: सहा, नऊ, सात. कधी शीग आली, कधी दाबला गेला. सगळ्या हसल्या. पहिल्या दिवसापासून मी त्यांना 'अंदाजाने' हा शब्द वहीत नको म्हणून दटावत होते. माझं माप डगमगलं आणि आजींची मूठ जागची हलली नाही.

मला वाटलं, चला, 'एक मूठ' असंच छापू. मग अध्यक्षबाईंनी त्यांची मूठ टाकली. तेहतीस. त्यांच्या सुनेची सतरा. प्रत्येकीची मूठ स्वतःशी पक्की, दुसरीशी जुळत नाही. जुनी मापं तरी गावभर एक होती. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, लाकडात नाहीतर पितळेत घडलेली. ती धान्याला होती. मिठाला, हळदीला, तेलाच्या धारेला माप कधी नव्हतंच, कारण शिकणारी मुलगी शिकवणारीच्या शेजारीच बसलेली असायची. पुस्तक वाचणारी शेजारी नसते. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने, १९७० साली, वाटी-चमच्याचं माप घराघरांत नेलं ते याचसाठी, असं मला वाटतं. लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीला आईची मूठ पोस्टाने पाठवता येत नव्हती.

एकवीस ग्रॅम मीठ, भाजी सहा जणांपुरती. माणशी साडेतीन ग्रॅम, एका वेळच्या एका भाजीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहावं. अजून ठेचा, लोणचं, पापड आणि रात्रीचं जेवण बाकी. मी हे बोलून दाखवलं तेव्हा आजी म्हणाल्या, "मग मी इतके पावसाळे काढले ते काय आळणी खाऊन?" त्यांच्या कनवटीला साखरेच्या गोळीशेजारी रक्तदाबाचीही गोळी होती. मी बोलले नाही. आजींच्या सुनेने बोलून टाकलं.

मग बारा ग्रॅम घालून पाहिली. आजींनी तोंड वाकडं केलं. भाभींनी बोट चाटलं, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "नमक कम है, पर खट्टा बराबर है. चलेगा."

मला हवं ते वाक्य मिळालं. आंबट असेल तिथे मीठ कमी चालतं. हरभरा, चुका, अंबाडी, चिंच, आमच्या निम्म्या भाज्या आंबट आहेत. वहीत लिहिलं: बारा ग्रॅम, म्हणजे दोन सपाट चमचे. खाली कंसात 'आजींच्या हाताने अर्ध्या मुठीपेक्षा किंचित जास्त'. आजींनी ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

भाभींची दाळ पटकन झाली. सुकवलेला अंबाडा, तूर, भरपूर लसूण. आमची अंबाडी त्यांच्याकडे अंबाडा होते. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्याची खूण आता दप्तरांपेक्षा अशा शब्दांत आणि पातेल्यांतच जास्त सापडते.

एक

भाकरी. आज दोन पिठं आणली होती, एक नेहमीच्या मालदांडीचं, दुसरं 'परभणी शक्ती'चं. हे ज्वारीचं वाण २०१८ साली आपल्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीने दिलं. किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त, म्हणजे नेहमीच्या ज्वारीहून बरंच जास्त. दाण्यात वाढलेलं लोह पिठात उतरतं.

भाकरी थापणारीने दोन्ही थापल्या. तिचा निकाल: "शक्तीची बरी हाय. पण मालदांडी ती मालदांडी." तेही लिहिलं. पुस्तकात कौतुकच छापलं तर गावात कुणी विश्वास ठेवणार नाही.

जेवणाबरोबर लिंबू किंवा काही आंबट घेतलं तर ज्वारीतलं लोह अंगी जास्त लागतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागतं, अशी एक चौकट मी करून ठेवली आहे. ती वाचून दाखवत होते तोच उपवासवाल्यांसाठी केलेला चहा आला. मला कुणी विचारलंही नाही, कप हातात दिला. प्यायले.

तीन

उपवासवाल्या पूजेच्या तयारीला उठल्या. मागे राहिली एक. ती सकाळपासून ओसरीच्या कडेला बसून लसूण सोलत होती. गटात आहे, हप्ता कधी चुकवत नाही, पण वहीत तिचं एक पान नाही. तिची वस्ती गावाच्या दुसऱ्या अंगाला.

"तुमचं काही सांगा की."

"आमचं काय लिवायचं बाई. कण्या, तरवट्याची भाजी. ते काय पुस्तकात असतंय व्हय?"

शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं ते त्यात आहे. ते वाचेपर्यंत मीसुद्धा मराठवाड्याचं जेवण म्हणजे पुरणपोळी आणि वांग्याची भाजी असंच सांगत असे. मी तिला म्हटलं, असतं, पुस्तकात असतं. तिने नुसतं हं केलं. मग म्हणाली, तिची आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळायची आणि रेशनवर तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी नीट व्हायची नाही, मग भरडून कण्याच करायच्या. पुढे काही बोलली नाही. लसणाचं सूप उचललं आणि गेली.

त्याच बहात्तर साली, मे महिन्यात, परभणीचं कृषी विद्यापीठ सुरू झालं. हा योगायोग एसटीची वाट बघताना सुचला. त्याचं काय करायचं ते सुचलं नाही.

सहा

परभणी, डीटीपीचं दुकान. आधी दिलेली बावीस पानं तपासली. अक्षरं एका फाँटमधून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरं फुटली आहेत, ते चालतं, दुरुस्त होतं. पण पान चौदावर छापलंय: 'कन्या स्वच्छ धुऊन मंद आचेवर शिजत ठेवाव्यात.'

ऑपरेटर मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, कण्या असा शब्द नसतो. मी सुधारला." त्याचं वय बावीस-तेवीस. घरी रेशनचा तांदूळ आणि गहू, ज्वारी सणासुदीला. त्याचा तरी काय दोष. मी त्याला कण्या म्हणजे काय ते सांगितलं, भरडलेली ज्वारी, ताकात शिजवलेली. "म्हणजे दलिया?" हो बाबा, दलियाच. पण ण ठेव.

पावणेदहा

स्वयंपाक उरकला. नवऱ्याने वरणात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. काटा अजून पिशवीतच होता, त्यामुळे रिमोट बंद, आणि बातम्या बंद म्हणून तो आधीच वैतागलेला.

फोन वाजला. अनोळखी नंबर. लसूण सोलणारी. मुलाच्या फोनवरून बोलत होती.

"लिवता का? पोरगं झोपायच्या आत सांगते, फोन त्याचा हाय."

वही ओढली. ज्वारी रात्री ओलवून सुकवायची, जात्यावर ढिली भरडायची, पीठ पाखडून बाजूला काढायचं. ते टाकायचं नाही, त्याची आंबील होते. कण्यांच्या चौपट पाणी, ताक असेल तर शेवटी. तरवट्याची पानं कोवळीच, फूल यायच्या आत, उकळून पहिलं पाणी फेकायचं. तेल नसलं तरी चालतं, लाल मिरची आणि लसूण वाटून वरून. ती न अडखळता सांगत होती. मी मधे एकदाच विचारलं, मीठ किती. म्हणाली, उद्या या, ताटलीत टाकून दावते.

"नाव कुणाचं टाकू? तुमचं?"

"माझ्या माईचं टाका."

नाव सांगितलं. मी दोनदा विचारून घेतलं, काना-मात्रेसकट. फोन ठेवल्यावर ते पान सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं आणि वर मथळ्यातला ण लाल पेनाने ठळक गिरवला, डीटीपीवाल्यासाठी.