सावलीतली कॉफी : मुद्दल राखणारी शेती

ब्राझीलमध्ये बहुतांश कॉफी उघड्या उन्हात पिकते. आपल्याकडे कर्नाटकातील कोडगू (कूर्ग), चिकमगळूर व हसन या जिल्ह्यांत मात्र ती उंच वृक्षांच्या सावलीत वाढते. देशातील सुमारे 70 टक्के कॉफी कर्नाटकाची असून त्यात कोडगूचा वाटा सर्वांत मोठा आहे. याच जिल्ह्यात तळकावेरी येथे कावेरी उगम पावते. त्यामुळे तेथील मळ्यांतील सावली हा केवळ बागायतदारांचा खासगी विषय राहत नाही.

जुन्या मळ्याची रचना जंगलासारखीच थरांची असते. वर फणस, उंबर, शिसवी यांचे छत्र, त्याखाली पांगारा, खोडांवर चढलेले मिरीचे वेल आणि तळाशी कॉफीची झुडपे. गळालेल्या पानांचे आच्छादन मुसळधार पावसात माती धरून ठेवते आणि उन्हाळ्यात ओल टिकवते. सावली विरळ झाली, की अरेबिकाचे खोड पोखरणाऱ्या किडीचा उपद्रव वाढतो. रोबस्टाला फळ धरण्यासाठी दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. ते वाहून नेणाऱ्या आग्या मधमाश्या आपली पोळी उंच वृक्षांवरच बांधतात. म्हणजे ही झाडे मळ्याचे अलंकार नसून त्याचे भागीदार आहेत.

मग ती कमी का होत आहेत? उत्तर हिशेबात दडले आहे. मूळचा ऑस्ट्रेलियाचा सिल्व्हर ओक झपाट्याने वाढतो, त्याचे सरळ खोड मिरीच्या वेलाला सोयीचे पडते आणि तो तोडून विकण्यात फारशी अडचण येत नाही. याउलट कोडगूतील कित्येक जमिनींवरील देशी वृक्षांवर शासनाचा हक्क आहे. शंभर वर्षांची शिसवी जपणाऱ्याच्या पदरी तिचे मोल पडत नाही. जी तरतूद वृक्षांच्या रक्षणास उपयोगी पडावी, तीच नवे देशी रोप लावण्याचा उत्साह मारते. शिवाय फवारा सिंचनाची सोय झाल्यावर सावली छाटून रोबस्टाचे उत्पन्न वाढवण्याचा मोहही होतो.

सावलीचे अर्थशास्त्र मात्र एका हंगामापुरते पाहून चालत नाही. 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटापद्धती कोसळली आणि जगभर भाव गडगडले. पुढे 1990 च्या दशकात कॉफी बोर्डाची सक्तीची एकत्रित खरेदीही संपली व बागायतदार थेट बाजाराच्या लाटांसमोर उभा राहिला. अशा वेळी ज्याच्या वृक्षांवर मिरी होती, त्याला दुसरा आधार होता. एकाच मालावर सारे भांडवल न लावण्याचे शहाणपण व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

भारतीय कॉफीचा मोठा भाग निर्यात होतो आणि त्यातला बराच युरोपात जातो. युरोपीय संघाने 2023 मध्ये केलेल्या कायद्यानुसार 2020 नंतर जंगल तोडून पिकवलेला माल तेथे विकता येणार नाही. त्याची अंमलबजावणी लांबली असली, तरी दिशा स्पष्ट आहे. पर्यावरणस्नेही प्रमाणपत्रामुळे काही वेळा अधिक भावही मिळतो. पण तपासणीचा व नोंदी ठेवण्याचा खर्च लहान बागायतदाराला एकट्याने झेपत नाही. गटाने प्रमाणपत्र घेतल्यास तो भार विभागला जातो.

तरीही खरी सुधारणा दोन ठिकाणी हवी. देशी वृक्ष लावणाऱ्याला त्यावर हक्क मिळावा आणि सावलीच्या कॉफीला ग्राहकाने योग्य किंमत द्यावी. मुद्दल मोडून केलेली कमाई ताळेबंदात काही काळ नफा म्हणून शोभते. शेवटी ती तूटच ठरते. कोडगूच्या मळ्यात मुद्दल म्हणजे माती, पाणी आणि वृक्ष.