भोगवटादाराचे दायित्व

आपल्या ताब्यातील जागा, इमारत, भिंत, विहीर किंवा झाड यांपासून तेथे येणाऱ्यांना अथवा लगतच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना इजा पोहोचू नये, म्हणून वाजवी काळजी घेण्याची विधिमान्य जबाबदारी. ती पार न पाडल्यामुळे इजा झाल्यास नुकसानभरपाई द्यावी लागते. भोगवटादार हा मालकच असतो असे नाही. जागेवर ज्याचे प्रत्यक्ष नियंत्रण, तो भोगवटादार. भारतात अपकृत्यांचा विधी बहुतांशी संहिताबद्ध नसल्यामुळे हे दायित्व इंग्लिश कॉमन लॉची तत्त्वे, भारतीय न्यायालयांचे निर्णय आणि निरनिराळे अधिनियम यांवरून ठरते.

थंड प्रदेशांत या दायित्वाचा प्रश्न मुख्यतः हिमवर्षावानंतर उद्‌भवतो. जर्मनीत घरासमोरील पदपथावरचे बर्फ काढण्याचे काम नगरपालिका उपविधींद्वारे सामान्यतः लगतच्या मालमत्ताधारकांवर सोपवितात. न्यूयॉर्क शहरात २००३ पासून पदपथ सुरक्षित न ठेवल्याबद्दलचे दायित्व लगतच्या मालकावर आहे. मात्र मालक स्वतः राहत असलेली, एक ते तीन कुटुंबांची निवासी घरे त्यातून वगळली आहेत. इंग्लंडमध्ये घरासमोरचा सार्वजनिक पदपथ साफ करण्याचे सर्वसाधारण बंधन घरमालकावर नाही. पण आपल्या आवारात येणाऱ्या अभ्यागतांविषयी वाजवी काळजी घेण्याचे बंधन १९५७ च्या अधिनियमाने भोगवटादारावर घातले आहे. आपोआप साचलेल्या बर्फाबद्दल मालक जबाबदार नसतो, हा अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात रूढ असलेला नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये रद्द केला. धोका निसर्गाने निर्माण केला की माणसाने, यापेक्षा तो दूर करणे मालकाला वाजवीपणे शक्य होते की नाही, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरला.

महाराष्ट्रात बर्फाची जागा पावसाने घेतली आहे. मराठवाड्यातील जुन्या वस्त्यांत दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर मातीचे माळवद अशी घरे आढळतात. संततधार पावसात माळवदाची माती पाणी शोषून जड होते, भिंतीच्या पायथ्याशी ओल मुरते आणि भिंत ढासळते. पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती पसरून ती धोपटणे व पन्हळी मोकळ्या करणे ही येथील पारंपरिक दक्षता होय. ती न घेतल्यास केवळ घराचे नव्हे, तर गल्लीतून जाणाऱ्याचेही नुकसान संभवते.

‘पाऊस ही दैवी घटना होती’ हा बचाव अशा दाव्यांत नेहमी घेतला जातो. कल्लूलाल वि. हेमचंद या खटल्यात (१९५८) भिंत कोसळून दोन मुले मृत्युमुखी पडली होती. त्या दिवशी २·६६ इंच (सु. ६८ मिमी.) पाऊस झाला होता. पावसाळ्यात एवढा पाऊस अनपेक्षित मानता येत नाही, असे सांगून मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. दिल्लीच्या चांदनी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून झालेल्या मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये नगरपालिकेला जबाबदार धरले. मनोरा सु. ८० वर्षांचा होता आणि त्याच्या बांधकामातील चुन्याच्या मिश्रणाचे आयुष्य ४०–४५ वर्षांचे होते. रस्त्यालगतच्या इमारतीतील दोष उघड असो वा गुप्त, तिच्या मालकाला दायित्व टाळता येत नाही, हे तत्त्व या निर्णयात मांडले आहे. याउलट, राजकोट येथे रस्त्याकडेचे झाड पडून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये महानगरपालिकेला जबाबदार धरले नाही. दायित्वाची व्याप्ती अमर्याद नाही, हे यावरून दिसते.

अपघात घडण्यापूर्वीच तो टाळण्याचीही तरतूद विधीत आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या उत्तरेस जळगाव मार्गावरील हर्सूल हे महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. त्यामुळे तेथील इमारतींना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो. त्याच्या कलम २६४ नुसार मोडकळीस आलेली किंवा पडण्याचा संभव असलेली इमारत पाडण्याचा, तिला आधार देण्याचा किंवा ती दुरुस्त करण्याचा लेखी आदेश आयुक्त मालकास अथवा भोगवटादारास देऊ शकतात. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे कलम २६५-अ नुसार आवश्यक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी धोकादायक इमारत किंवा झाड हटविण्याचा आणि रस्त्यालगतची विहीर, तळे अथवा खड्डा यांभोवती कुंपण घालण्याचा आदेश देऊ शकतो.

भाड्याच्या घरात दायित्वाची विभागणी महत्त्वाची ठरते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार घर दुरुस्त ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. भाडे अत्यल्प असलेल्या जुन्या घरांत एवढ्या रकमेत भिंत उभी राहत नाही. परिणामी मालक व भाडेकरू या दोघांनीही दुर्लक्षिलेली इमारत सर्वाधिक धोकादायक बनते.

दुर्घटनेत मृत्यू झाल्यास मृताची पत्नी वा पती, आईवडील आणि मुले यांच्या लाभासाठी घातक अपघात अधिनियम, १८५५ खाली भरपाईचा दावा करता येतो; त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे. याखेरीज निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये फौजदारी अपराधही आहे. धोका आधी ठाऊक होता का, आणि तो दूर करण्यास पुरेसा अवधी मिळाला होता का, हे प्रश्न अशा प्रकरणांत महत्त्वाचे असतात. म्हणून शेजाऱ्याने किंवा भाडेकरूने वेळीच दिलेली लेखी सूचना हा मोलाचा पुरावा ठरू शकतो.